गाजर (सातारा–सांगली परिसर)

गाजर : मुळासाठी लावली जाणारी द्विवर्षायू भाजी. शास्त्रीय नाव डॉकस कॅरोटा, उपजाती सटायव्हस. कुल एपिएसी, जुन्या ग्रंथांत अंबेलिफेरी. कोथिंबीर, जिरे, ओवा व बडीशेप ही याच कुलातली. कन्नडमध्ये गज्जरी, फार्सीत गजर, अरबीत जझर. खाण्याचा भाग म्हणजे अन्नसाठ्याने जाड झालेले सोटमूळ. बोलीत त्याला सर्रास कंद म्हणतात, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो कंद नव्हे.

मूलस्थान व नाव : रानटी गाजर युरोपपासून नैर्ऋत्य आशियापर्यंत आढळते, त्याचे मूळ बारीक, पांढरट व कडसर असते. लागवडीचे गाजर अफगाणिस्तान व लगतच्या मध्य आशियात, बहुधा इ.स. 10 व्या शतकाच्या सुमारास सिद्ध झाले असावे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ व्हाव्हिलॉव्ह यांचा कल याच प्रदेशाकडे होता आणि अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनीही त्याला दुजोरा दिला आहे. आरंभीची गाजरे जांभळी व पिवळी होती. नारिंगी गाजर नेदर्लंड्समध्ये 16 व्या–17 व्या शतकांत स्थिरावले, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. ते ऑरेंज राजघराण्याच्या सन्मानार्थ तयार केले, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला समकालीन आधार नाही.

भारतातील प्राचीनत्वाचा प्रश्न ‘गृंजन’ या संस्कृत शब्दाभोवती फिरतो. मनुस्मृतीत (5.5) द्विजांना वर्ज्य पदार्थांत लसूण, गृंजन, पलांडू म्हणजे कांदा, व कवके म्हणजे भूछत्रे एकत्र येतात, याज्ञवल्क्यस्मृतीतही गृंजन निषिद्धच आहे. मराठी भाषांतरांतून गृंजन म्हणजे गाजर असा अर्थ अनेकदा दिला जातो. त्यात अडचणी आहेत. अमरकोशात गृंजन हा लसणाचा पर्याय म्हणून येतो. उलट मनूने लसूण व गृंजन वेगळे सांगितल्याने ती एकच वस्तू मानणेही कठीण. चरकसंहितेत गृंजनक हरितवर्गात म्हणजे हिरव्या भाज्यांच्या गटात अद्रक, मुळा, कांदा व लसूण यांच्या संगतीत असून त्याला तीक्ष्ण व ग्राही (मळ बांधणारे) म्हटले आहे. गोड गाजराला तीक्ष्ण म्हणणे विचित्रच. 16 व्या शतकातील भावप्रकाश या आयुर्वेदग्रंथात मात्र गाजर व गृंजन एक केलेले दिसतात, आणि तीक्ष्ण, संग्राही हे जुनेच गुण गाजराला चिकटतात. तात्पर्य, स्मृतींतील गृंजन ही कांदा-लसणाच्या जातीची उग्र वनस्पती असावी आणि फार्सी वाटेने आलेल्या नव्या भाजीला पुढे ते नाव जोडले गेले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘गर्जर’ हे संस्कृत रूपही मागाहून घडवलेले असण्याची शक्यता आहे.

या शब्दवादाचे पडसाद स्वयंपाकघरापर्यंत पोचले आहेत. काही कर्मठ घरांत श्राद्धाच्या किंवा चातुर्मासाच्या स्वयंपाकात मसुराप्रमाणे गाजरही चालत नाही. सांगलीकडील दिगंबर जैन समाजात गाजर कंदमुळांत मोडते, त्यामुळे व्रत पाळणारे ते खात नाहीत; तेथील निषेधाचे कारण जीवहिंसा आहे, गृंजन नव्हे.

प्रकार : बाजारात दोन वेगळ्या गटांची गाजरे एकाच नावाने विकली जातात. आशियाई किंवा देशी गाजर लांब, लाल वा तांबूस, रसाळ असते. ते मैदानी हवेतही फुलावर येऊन बी धरते. युरोपीय गाजर नारिंगी, आखूड, बोथट टोकाचे. त्याला फुलोऱ्यासाठी दीर्घ थंडी लागते, म्हणून त्याचे बी डोंगराळ थंड प्रदेशातून येते. नँटिस व शँटेने ही युरोपीय वाणे. पुसा केसर हे देशी लाल व नँटिस यांच्या संकरातून आलेले. लाल रंग लायकोपीनचा, नारिंगी कॅरोटीनचा, काळा-जांभळा अँथोसायनिनचा. कॅरोटीन प्रथम गाजरातूनच वेगळे केले गेले (जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्हाकेनरोडर, 1831) आणि त्याचे नावही गाजरावरूनच पडले.

लागवड : सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातील कवलापूर हे तासगाव रस्त्यावरील गाव गाजरासाठी ओळखले जाते, तिथला हंगाम संक्रांतीच्या बाजाराकडे डोळा ठेवून धरला जातो. बी हलके व काटेरी केसांचे असल्याने पेरण्यापूर्वी हाताने चोळतात. ते वाफ्यात थेट पेरतात. रोप लावून गाजर जमत नाही, मूळ वाकडे होते. उगवण सावकाश, दहा ते पंधरा दिवसांची. विरळणी टाळली की मुळे एकमेकांना रेटतात. भारी काळ्या रानात, ढेकळात किंवा न कुजलेल्या शेणखतात गाजराला पाय म्हणजे फाटे फुटतात आणि असा माल मागे पडतो. रंग भरायला 15 ते 20 अंश सेल्सिअस तापमान उत्तम. उन्हाळी गाजर फिके पडते ते यामुळेच. मातीबाहेर राहिलेले खांदे हिरवे होतात. सुमारे तीन ते साडेतीन महिन्यांत काढणी. पाला जनावरांना.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर–पाचगणीच्या तांबड्या जमिनीत नारिंगी गाजर होते. वेण्णा तलावाकाठी पाल्यासकट जुड्या बांधून, तांबड्या मुळ्याशेजारी ते विकायला असते. या पठारावर युरोपीय भाज्यांची लागवड इंग्रजांच्या वस्तीबरोबर, 19 व्या शतकात वाढली. त्या काळी तेथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांचा बागकामात हात होता. चायनामन धबधब्याचे नाव त्यांच्याच मळ्यांवरून पडले.

उपयोग : कोशिंबीर, हलवा, लोणचे, पुलाव हे सर्वपरिचित. विशेष नोंद करायची ती भोगीची. संक्रांतीच्या आदल्या दिवशी गाजर, वांगी, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे व शेंगदाणे एकत्र शिजवून, तिळाचा कूट व कांदा-लसूण मसाला घालून भाजी होते. तिला या भागात खेंगट म्हणतात. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. दुसऱ्या दिवशी ववसायला, म्हणजे संक्रांतीचे वाण द्यायला निघताना सुगडात गाजराचे तुकडे, बोरे, उसाची कांडी, हरभऱ्याचे घाटे व गव्हाच्या ओंब्या पडतात. जून गाजराचा मधला पिवळट दांडा कडक असतो. किसणारी बाई गाजर फिरवत फिरवत चारी बाजूंनी किसते आणि उरलेला दांडा गोठ्याकडे जातो. तोवर गाजराच्या खाचांतली काळी माती नखात बसलेली असते, ती दोन पाण्यांनीही जात नाही. कॅरोटीन स्निग्धात विरघळते. फोडणी दिलेल्या कोशिंबिरीतून ते अंगी लागण्यास मदत होते.

भाषेत : चुकीची पारख करणारा तो गाजरपारखी. ‘गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली’ ही म्हण घरोघरी आहे. ‘गाजर दाखवणे’ हा प्रयोग मात्र अलीकडचा, वृत्तपत्री व बहुधा इंग्रजीवरून आलेला. आपल्याकडे बैलापुढे कोणी गाजर धरत नाही. गाजर गवताचा या भाजीशी पानांच्या साम्यापलीकडे संबंध नाही. ते सूर्यफुलाच्या कुलातले, अमेरिकेतून आलेले तण असून भारतात त्याची नोंद 1955 च्या सुमारास पुण्यात झाली.