ब्रिटनमधून स्पेनला: घर, दस्त आणि 'रुस्तिको' जमिनीची पार्श्वभूमी

स्पेनच्या जमीन नोंदणी कार्यालयाचा 'नोता सिंप्ले' हा उतारा दोन-तीन पानांचा असतो, खर्च दहा युरोंच्या आसपास. मालक कोण, क्षेत्रफळ किती, बोजा कोणाचा, एवढे त्यात कळते. अल्मेरिया, मालागा किंवा आलिकांतेच्या आतल्या भागातले घर असेल, तर त्यात कधीकधी 'ओब्रा नुएवा पोर अंतिग्वेदाद' हे शब्द सापडतात. म्हणजे बांधकामाची नोंद परवाना दाखवून झालेली नाही. घर अमुक वर्षांपूर्वीच उभे राहिले होते, असा तंत्रज्ञाचा दाखला जोडून झालेली आहे. ब्रिटनमधून घर शोधायला निघालेल्या माणसाने किंमत आणि समुद्राचे अंतर पाहण्याआधी हे शब्द शोधावेत. मालकी निर्विवाद आणि बांधकाम बेकायदा, हे दोन्ही त्या एकाच कागदावर नांदू शकते.

जुना इतिहास थोडक्यात असा. 1959 च्या आर्थिक स्थिरीकरण योजनेनंतर स्पेनने पर्यटकांना दारे उघडली आणि चार्टर विमानांनी ब्रिटिश माणूस भूमध्य किनाऱ्यावर पोहोचला. घर घेणे मात्र सोपे नव्हते, कारण ब्रिटनमध्येच परकीय चलनावर नियंत्रण होते आणि परदेशातल्या घरासाठी लागणारे चलन अधिमूल्य देऊन घ्यावे लागे. ते नियंत्रण ऑक्टोबर 1979 मध्ये उठले. 1 जानेवारी 1986 ला स्पेन युरोपीय समुदायात आला, पुढे मुक्त संचाराचा हक्क मिळाला आणि 'घर घेतले की राहायला जाता येते' ही समजूत पक्की झाली. तीस-पस्तीस वर्षे ती बरोबरही होती.

आजची बहुतेक डोकेदुखी 1998 ते 2008 या दहा वर्षांतली आहे. एप्रिल 1998 च्या जमीन कायद्याने तत्त्वच उलटे केले: जी जमीन खास कारणाने राखीव नाही, ती विकासयोग्य. त्यात युरो आला, कर्ज स्वस्त झाले, किनाऱ्यावरचे भाव चढले आणि निवृत्त ब्रिटिश जोडपी डोंगराकडे सरकली: आल्मान्सोरा खोरे, आशार्किया, आलिकांतेच्या मागची गावे. तिथे जमीन होती 'रुस्तिको', म्हणजे शेतीची. विकासक तिचे तुकडे पाडत, नगरपालिका बांधकामाचे परवाने देत आणि प्रादेशिक सरकारला त्याचा पत्ता उशिरा लागे किंवा लागूनही ते गप्प बसे. अंदालुसिया या दक्षिणेकडच्या प्रदेशातल्या (अल्मेरिया आणि मालागा त्यातच) नियमबाह्य घरांचा सरकारी अंदाजच तीन लाखांच्या घरात गेला.

ब्रिटिश खरेदीदार फसत गेला याचे एक कारण त्याच्या घरच्या सवयीत होते. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर स्थानिक प्रशासनाकडून नियोजनाचा शोध-अहवाल मागवतो. त्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. स्पेनमध्ये नोटरीसमोर दस्त होतो, ती व्यक्ती सरकारने नेमलेली असते, वाचन गंभीरपणे होते, म्हणून 'सगळे तपासलेले आहे' असे वाटते. नोटरी पाहतो ओळख, मालकी, बोजा आणि पैशाचा मार्ग. भिंती कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या परवान्याने उभ्या आहेत, हे शोधणे वकिलाचे काम. तो वकील विक्री करणाऱ्या एजंटानेच सुचवलेला असेल, तर हे काम बहुधा होतच नाही.

आता त्या गुंतागुंतीच्या शब्दाकडे. एजंट म्हणतात 'घर आलेगाल आहे': बेकायदा नाही आणि कायदेशीरही नाही, मधले काहीतरी. कायद्यात असा वर्ग नाही. आहे तो 'असिमिलादो आ फुएरा दे ओर्देनासिओन', म्हणजे 'नियोजनाबाहेरच्या बांधकामासारखे मानलेले'. आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'आफो' म्हणतात. जानेवारी 2012 च्या अंदालुसियातल्या आदेशाने त्याला नीट रूप दिले. बेकायदा बांधकामावर कारवाई करण्याची मुदत, आधी चार वर्षे आणि 2012 पासून सहा, सरकारने काही न करता जाऊ दिली, तर ते घर पाडता येत नाही. पण ते कायदेशीरही होत नाही. आपल्याकडे गुंठेवारी नियमित करण्याचे प्रकरण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा मधला पट्टा ओळखीचा वाटेल. फरक मोठा आहे: आफो म्हणजे नियमितीकरण नाही, फक्त सोसून घेणे. दुरुस्ती करता येते, गळके छप्पर बदलता येते; एक खोली वाढवता येत नाही, पोहण्याचा तलाव बांधता येत नाही. विक्रेता 'आफो आहे, म्हणजे सगळे ओके' म्हणतो, ते चूक आहे आणि महागात पडते.

आफोचा गाभा म्हणजे बांधकाम कधी पुरे झाले याचा पुरावा. वास्तुविशारद अहवाल देतो, त्यात अक्षांश-रेखांशासारखे अचूक निर्देशांक, बांधणीची सुरक्षितता, सांडपाण्याची टाकी आणि वर्ष येते. वर्ष ठरते हवाई छायाचित्रांवरून. यातली सर्वांत उपयोगी मालिका 1956-57 मध्ये अमेरिकी विमानांनी काढलेली. त्या फोटोत जुने कोर्तिहो, म्हणजे शेतघर, दिसत असेल तर जीव भांड्यात पडतो, कारण 1975 च्या जमीन कायद्याआधीच्या ग्रामीण इमारतींना वेगळा, बराच सौम्य न्याय लागतो. मात्र फोटोतली जुनी दगडी खोली आणि आजची तीन शयनगृहांची व्हिला या दोन गोष्टी आहेत. जुन्या खोलीच्या पुण्याईवर नवी बांधणी तरून जात नाही. राखीव निसर्गक्षेत्र, पूरक्षेत्र किंवा किनारपट्टीच्या संरक्षण पट्ट्यात मुदतीची पळवाटच नाही. शिवाय कितीतरी वर्षे जमिनीचे तुकडे पाडण्याच्या गुन्ह्यावरच्या कारवाईला मुदतच नसे, म्हणून घराची मुदत संपूनही आफो मिळत नसे. 2016 ची दुरुस्ती, सप्टेंबर 2019 चा अध्यादेश आणि डिसेंबर 2021 चा नवा कायदा यांनी ती गाठ टप्प्याटप्प्याने सोडवली. इतका उशीर व्हायला नको होता. त्या काळात लोक म्हातारे झाले, घर विकून मुलांजवळ परतायचे होते ते परतू शकले नाहीत.

घर विकले न जाण्याचे एक मोठे कारण विजेचे मीटर. बऱ्याच घरांना 'लुस दे ओब्रा', म्हणजे बांधकामापुरती तात्पुरती वीज असे आणि तिच्यावर संसार पंधरा-पंधरा वर्षे चाले. घरगुती जोडणीला प्रथम वास्तव्याचा परवाना लागे आणि तो रुस्तिको जमिनीवरच्या बेकायदा घराला मिळत नसे. म्हणून घर पाहायला गेल्यावर विजेचे शेवटचे बिल मागावे आणि करार घरगुती आहे की बांधकामाचा ते पाहावे. पाणी नळाचे आहे, विहिरीचे की टँकरचे, हेही तेव्हाच विचारावे.

जानेवारी 2008 मध्ये अल्मेरिया प्रांतातल्या बेरा गावात एका ब्रिटिश जोडप्याचे घर पाडले गेले. नगरपालिकेचा परवाना त्यांच्याकडे होता. प्रादेशिक सरकारने तोच रद्द करवला. प्रामाणिक खरेदीदाराने परवाना पाहून घेतलेले घर सरकारच्या दोन हातांच्या भांडणात जमीनदोस्त व्हावे, याला न्याय म्हणता येत नाही. 2015 मध्ये फौजदारी कायदा आणि प्रशासकीय न्यायप्रक्रियेत बदल होऊन, प्रामाणिक खरेदीदाराच्या भरपाईची हमी असल्याशिवाय पाडकाम करू नये अशी तरतूद आली.

आलिकांते ज्यात येते त्या बालेन्सिया प्रदेशाचा मामला वेगळा. तिथे 1994 च्या कायद्याने जमीन नसलेल्या विकासकालाही दुसऱ्यांच्या जमिनीवर वसाहतीची योजना आणता येई. शेजारच्या मालकांनी जमिनीचा काही भाग सोडायचा आणि वर रस्ते-गटारांचा खर्चही भरायचा. युरोपीय संसदेपर्यंत तक्रारी गेल्या आणि 2005 च्या शेवटी कायदा बदलला. आज तिथे ग्रामीण जमिनीवर एकटे घर बांधायला साधारण 10,000 चौरस मीटर जमीन लागते, आणि बेकायदा घरावर कारवाईची मुदत 2014 पासून पंधरा वर्षे आहे. अंदालुसियातला सहा वर्षांचा हिशेब तिथे लावू नये.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला. 31 डिसेंबर 2020 नंतर ब्रिटिश पासपोर्टवर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येते, घर स्वतःचे असले तरी. ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर ही मोजणी शिक्क्याऐवजी यंत्रावर येऊ लागली, त्यामुळे पुसट शिक्क्याच्या आधारे सुटण्याचे दिवस गेले. नोकरी न करता राहायचे तर विनाअर्जन व्हिसा: 'इप्रेम' या निर्देशांकाच्या 400 टक्के, म्हणजे महिना 2,400 युरो उत्पन्न आणि प्रत्येक कुटुंबीयामागे आणखी 600, शिवाय आरोग्य विमा, पोलिस दाखला, वैद्यकीय दाखला आणि शपथबद्ध अनुवाद. पाच लाख युरोंचे घर घेऊन मिळणारा गुंतवणूक व्हिसा 2013 मध्ये आला आणि 3 एप्रिल 2025 ला बंद झाला. तेव्हापासून घर कितीही महाग असो, त्यातून राहण्याचा हक्क मिळत नाही.

आणि एक अडथळा अनेकांच्या लक्षात दस्ताच्या तोंडावर येतो. 1975 च्या संरक्षण कायद्यानुसार कार्ताहेनाचा परिसर, जिब्राल्टरची सामुद्रधुनी, बेटे, गॅलिशिया आणि सीमाभागात परदेशी माणसाला ग्रामीण जमीन घ्यायला लष्करी परवानगी लागते. युरोपीय संघाच्या नागरिकांना त्यातून सूट आहे. 2021 पासून ब्रिटिश त्या सुटीबाहेर गेले, आणि मुर्सिया व दक्षिण आलिकांतेतली ब्रिटिशांची आवडती ठिकाणे नेमकी त्याच पट्ट्यात. अर्जाला नकाशा, भूखंडाचा संदर्भ आणि पोलिस दाखला लागतो. उत्तर यायला महिने जातात. 'आर्रास' म्हणजे बयाणा करार करताना ही परवानगी न मिळाल्यास पैसे परत, अशी अट लिहून घ्यावी. नाहीतर मुदत उलटते, बयाणा बुडतो. साधारण किमतीच्या दहा टक्के. विक्रेत्याने माघार घेतली तर त्याला दुप्पट द्यावे लागते, पण परवानगी न येणे ही विक्रेत्याची माघार नाही.

ब्रिटनमधल्या मराठी आणि कोकणी घरांना इथे आणखी एक वळण आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांचे वंशज यांपैकी ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवले, ते युरोपीय संघाचे नागरिक आहेत. इंग्लंडच्या स्विंडन शहरातल्या अशा कुटुंबाला 90 दिवस, 2,400 युरो आणि लष्करी परवानगी यांपैकी काहीच लागू नाही. स्पेनमध्ये तीन महिन्यांहून अधिक राहायचे तर नोंदणी करून हिरवा दाखला घ्यायचा. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये कायम वास्तव्य असलेल्यांचे उलट: स्पेनसाठी व्हिसा तर हवाच, आणि सलग दोन वर्षे ब्रिटनबाहेर राहिले तर तिथले कायम वास्तव्यही जाते.

भाड्याने राहून मग घर शोधणे शहाणपणाचे, पण करार वाचून. राहत्या घराच्या भाडेकराराला 2019 पासून पाच वर्षांचे संरक्षण आहे. 'तेंपोरादा' म्हणजे हंगामी कराराला नाही. अकरा महिन्यांचा करार पुढे केला जातो तो बहुतेक वेळा हाच. मे 2023 च्या गृहनिर्माण कायद्याने एजंटाची फी राहत्या घराच्या बाबतीत मालकावर टाकली, तेव्हापासून हंगामी करारांचा आग्रह आणखी वाढला. तिथल्या नगरपालिकेच्या रजिस्टरमध्ये, 'पाद्रोन'वर, नाव घालायला मालक हरकत घेत असेल तर ते घर घेऊ नये. पुढच्या कितीतरी अर्जांना तो दाखला लागतो.