उसण, पायाळू आणि दहा सिटिंग

कंबरेत उसण भरली की पूर्वी गावात आधी पायाळू माणूस शोधायचे. जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. त्याने दुखऱ्या कंबरेवर हलकी लाथ मारली की उसण उतरते, हा समज महाराष्ट्रातून अजून पुरता गेलेला नाही. हसायला हरकत नाही, पण लाथ खाल्लेली बरीच माणसं खरोखर बरी व्हायची. कारण अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपण उतरते. शिवाय माणूस उपचाराला जातो तो दुखणं अगदी टोकाला गेल्यावर. त्यानंतर ते बहुधा कमीच होणार असतं. मग वाटेत पायाळू भेटो, मालीशवाला भेटो की एसी क्लिनिकमधला पाठीचा तज्ज्ञ, श्रेय त्याच्या खात्यावर जमा होतं.

म्हणून 'मला गुण आला' एवढ्यावर या उपचारांची परीक्षा होत नाही. तोच उपचार न घेतलेल्या, किंवा ज्यांच्यावर त्या उपचाराचं नुसतं सोंग केलं अशा रुग्णांशी तुलना करावी लागते. ती केली की हाताने करायचे उपचार, यंत्राचे उपचार आणि व्यायाम हे तिघे एका रांगेत उभे राहत नाहीत.

आधी हाताचे. 'मणका सरकलाय, बसवून देतो' हे वाक्य आपल्याकडे हाडवैद्याचं, पण त्याला जगभर भावंडं आहेत. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टमध्ये १८९५ साली डी. डी. पामर नावाच्या चुंबकोपचार करणाऱ्या गृहस्थाने इमारतीतल्या सफाई कामगाराच्या पाठीतला मणका दाबून बसवला आणि त्या माणसाचं गेलेलं ऐकू येणं परत आलं, असा दावा केला. (कानाची नस पाठीतून जात नाही, ही अडचण तेव्हाही होतीच.) त्यातून मणके दाबून, झटके देऊन उपचार करणारी कायरोप्रॅक्टिक ही पद्धत उभी राहिली. आज मोबाइलवर मानेला झटका देऊन 'कट्ट' आवाज काढणारे जे व्हिडिओ फिरतात, ते तिच्याच वंशातले.

त्या 'कट्ट'चा छडा २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एमआरआय यंत्रात बोट ओढून लावला गेला. सांध्यातली दोन हाडं झटकन अलग होतात, मधल्या वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज त्याच क्षणी येतो. तपशिलावरून तज्ज्ञांचे वाद अजून आहेत, पण हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नाही, याबद्दल वाद नाही. खांदा निखळतो तेव्हा हाड खरोखर जागा सोडतं. ते एक्स-रेत दिसतं आणि माणसाला हात हलवता येत नाही. रोजच्या पाठदुखीत बसवण्यासारखं काही सरकलेलं नसतं.

मग बरं का वाटतं? दाबामुळे, ताणामुळे त्वचेतून, स्नायूंतून, सांध्यांतून संदेशांचा लोंढा मज्जारज्जूकडे जातो आणि वेदनेचे संदेश काही काळ मागे पडतात. वेदनेचे अभ्यासक रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेला 'गेट कंट्रोल' सिद्धांत याच वाटेने जाणारा. आपटलेला गुडघा आपण आपोआप चोळतो, त्यामागेही हेच. आखडलेला स्नायू सैलावतो, भीती कमी होते, माणूस पुन्हा वाकून बघतो. हा आराम खोटा नाही, फक्त तासा-दिवसांचा असतो. नव्या कंबरदुखीसाठी गोळीच्या आधी शेक, मालीश किंवा मणक्यांवरचे हाताचे उपचार करून बघावेत, असं अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या संघटनेने २०१७ मध्ये सांगितलं, ते याच हिशेबाने: फायदा माफक, पण गोळ्यांचे दुष्परिणाम नाहीत. मानेच्या झटक्याला मात्र माझी साफ ना आहे. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. असं क्वचित होतं, पण चार घटकांच्या आरामासाठी हा जुगार कशाला?

यंत्रांचं प्रकरण आटोपतं घेतो. 'दहा सिटिंगचं पॅकेज' घेतलं की पडद्याआड झोपवून करंट लावतात, जेल लावून अल्ट्रासाउंडचा दांडा फिरवतात, कंबरेला वजन लावून ट्रॅक्शन देतात आणि निघताना पट्टा विकतात. कुठले उपचार द्यावेत हे डॉक्टरांना सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१६ सालच्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीसाठी हे चारही देऊ नयेत असं स्पष्ट लिहिलं आहे. हाताचे उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीनेच, हेही तिथेच. आपल्याकडे यंत्रं का टिकून आहेत याचं कारण वैद्यकीय कमी आणि व्यावहारिक जास्त आहे. यंत्र लावून एकाच वेळी चार खाटांवर चार रुग्ण झोपवता येतात. व्यायाम शिकवायला अर्धा तास समोर उभं राहावं लागतं. शिवाय रुग्णालाही यंत्र लावलं की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. 'नुसता व्यायाम तर घरी पण करता आला असता' ही तक्रार कुठल्याही फिजिओने ऐकलेली असते.

पण खरी दुरुस्ती तिथेच असते. टाचेच्या मागच्या जाड शिरेचं, म्हणजे पोटरीचा स्नायू हाडाला जोडणाऱ्या अकिलीस टेंडनचं, दुखणं घ्या. स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक हाकान आल्फ्रेडसन यांना स्वतःलाच हे दुखणं होतं. शस्त्रक्रिया करायला वरिष्ठ तयार होईनात. तेव्हा शीर तुटली तरी चालेल, मग तरी करावीच लागेल, अशा इराद्याने त्यांनी तिच्यावर भार टाकायला सुरुवात केली, असं ते सांगतात. शीर तुटली नाही, दुखणं गेलं. १९९८ मध्ये त्यांनी १५ धावपटूंवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची, वर येताना चांगल्या पायाचा आधार घ्यायचा. गुडघा सरळ ठेवून १५चे तीन फेरे, वाकवून तीन, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १८० वेळा. असं १२ आठवडे. थोडं दुखलं तरी थांबायचं नाही, सोपं झालं की पाठीवर वजन घ्यायचं. सगळे पुन्हा धावायला लागले. अभ्यास छोटा होता आणि पुढे कळलं की टाच उतरवण्यात जादू नव्हती, सावकाश उचललेलं जड वजनही तेवढंच काम करतं. शिरेतल्या पेशींना ताण कळतो आणि त्या नवा तंतू विणू लागतात. हे विणकाम महिनोन्‌महिने चालतं, म्हणून दहा सिटिंगमध्ये ते बसत नाही.

यावरून 'दुखेल तेवढं ताणा' असा अर्थ काढाल तर खांदा तुम्हाला अद्दल घडवील. मधुमेहींमध्ये फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडून जाम झालेला खांदा, जास्त दिसतो आणि 'हात वर करवून घ्या, नाहीतर कायमचा जाम होईल' असं घरातले सगळे सांगतात. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२००४) एका गटाचा खांदा वेदना सोसत जोर लावून ताणला, दुसऱ्याला दुखणार नाही इतपतच हलवायला सांगितलं. दोन वर्षांनी सौम्य गटातल्या ८९ टक्क्यांचा खांदा जवळपास पूर्ववत झाला होता, जोरवाल्यांत ६३ टक्क्यांचा.

कोपर याहूनही वाईट. पोर झाडावरून पडतं, कोपर मोडतं, प्लास्टर निघाल्यावर हात सरळ होत नाही. मग तेल लावून मालीश आणि दोन्ही हातांनी ओढून सरळ करणं. दुखावलेल्या स्नायूत रक्त साकळलेलं असतं. ते असं पुन्हा पुन्हा रगडलं की तिथे चक्क हाड तयार होऊ शकतं. मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात त्याला. मग सांधा कायमचा अडकतो. आपल्या अस्थिरोगाच्या अभ्यासक्रमात हा धोका मालीशवाल्याच्या नावानिशी शिकवला जातो. पोराला त्याच्या त्याच्या जोराने हात हलवू द्यावा, दुसऱ्याने ओढू नये. मांडीला जोरदार मुका मार लागल्यावर पहिले काही दिवस चोळू नये, तेही याचसाठी.

तेव्हा निवड करताना दुखणं कुठल्या टप्प्यात आहे ते आधी बघायचं. नवी, चमक मारणारी कंबरदुखी असेल तर शेक किंवा हलकं मालीश खुशाल घ्या, पण अंथरूण धरू नका. दोन-तीन महिने जुनी शिरेची, गुडघ्याची, कंबरेची दुखणी असतील तर भार हळूहळू वाढवत नेणारा व्यायाम हवा. त्यासाठी असा फिजिओ शोधा जो पहिल्या भेटीत तुम्हाला खाटेवर कमी आणि पायांवर जास्त ठेवतो, घरी काय करायचं ते करून दाखवतो आणि पुढच्या वेळी ते तुमच्याकडून करून घेतो. सहाव्या सिटिंगलाही पहिल्याच दिवसाचा करंट चालू असेल तर उठावं. घोटा मुरगळून चार पावलंही टाकता येत नसतील तर मात्र आधी एक्स-रे.

काही दुखण्यांना यातलं काहीच लावायचं नसतं. कंबरदुखीबरोबर जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. नस दबून राहिली तर गेलेली संवेदना आणि ताबा नंतर बहुधा पुरता परत येत नाही. दुसरं आपल्या देशात विसरून चालणार नाही असं: रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, महिन्यागणिक उतरणारं वजन. मणक्याचा क्षयरोग असाच येतो आणि त्याला महिनोन्‌महिने औषधं लागतात. तोवर कुणी त्या मणक्यांना झटका दिला, तर आतून पोखरलेलं हाड ढासळून पाय लुळे पडू शकतात.