फुलबाजीची ठिणगी आणि फुलबाजीची तार

दिवाळीनंतर भाची घरी आली, तेव्हा बराच वेळ तिने गॉगल काढलाच नाही. अखेर काढला, तर दोन्ही डोळ्यांखाली बाजरीच्या दाण्याएवढे तपकिरी ठिपके, अगदी ओळीने. "प्लाझ्मा करून घेतला गं मावशी. पार्लरमधल्या ताई म्हणाल्या, आठवड्यात खपल्या पडतील आणि सुरकुत्या जातील." खपल्या खरोखरच आठवड्यात पडल्या होत्या. डाग मात्र तसेच होते. मग तिने विचारलं, "पण प्लाझ्मा तर रक्तात असतो ना? माझं रक्त कुणी काढलंच नाही."

हा प्रश्न तिने आधी त्या खुर्चीत बसताना विचारायला हवा होता, असं मी तेव्हा म्हटलं नाही. पण प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, कारण त्वचेच्या उपचारांत 'प्लाझ्मा' या एकाच पाटीखाली निरनिराळी दुकानं मांडलेली आहेत.

रक्तातल्या पेशी बाजूला केल्यावर उरतो तो पिवळसर द्रव म्हणजे रक्तद्रव. केसांसाठी किंवा चेहऱ्यासाठी आपलंच रक्त काढून, ते यंत्रात फिरवून पुन्हा टोचतात, ती पीआरपी या रक्तद्रवाची. भौतिकशास्त्रातला प्लाझ्मा वेगळा. मराठी विश्वकोशात त्याला 'आयनद्रायू' असा नेमका शब्द आहे. वायूतल्या काही अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झाले की वायूचा आयनद्रायू होतो. आभाळातली वीज, पेटलेली ट्यूबलाइट, सूर्य ही सगळी त्याचीच रूपं. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विंग लँगम्युअर यांनी १९२८ साली त्याला प्लाझ्मा हे नाव दिलं. त्यांच्या एका सहकाऱ्याच्या आठवणीनुसार, रक्तद्रव जसा पेशी वाहून नेतो तसा हा वायू विद्युतभारित कण वाहून नेतो, यावरून त्यांना ते सुचलं. गोंधळ जन्मापासूनचाच आहे म्हणायचा.

आता खरी गंमत पुढे आहे. आयनद्रायू म्हटलं की हजारो अंश तापमान आलं. मग तो कातडीवर धरायचा कसा?

लहानपणी फुलबाजी पेटवताना ठिणग्या हातावर उडायच्या. एकेका ठिणगीचं तापमान हजार अंशांच्या वर असतं, तरी हात भाजत नाही, कारण ठिणगीत वस्तुमानच जवळजवळ नसतं. भाजते ती विझलेली तार. शाळेत 'तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी' हे घोकून पाठ केलं होतं, ते खरं कळतं फुलबाजीने.

त्वचेवरच्या उपचारांसाठीच्या 'थंड प्लाझ्मा'त नेमकं हेच साधतात. आर्गॉनसारख्या वायूवर फार जलद बदलणारा विद्युतदाब लावला की त्यातले सुटे इलेक्ट्रॉन सैरावैरा धावू लागतात. त्यांचं तापमान हजारो अंश होतं. पण आर्गॉनचा अणू इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ७३ हजार पट जड. मोहरीचा दाणा मोसंबीवर आपटावा तसा प्रकार. दाणा उडून जातो, मोसंबी जागची हलत नाही. इलेक्ट्रॉन तापलेले राहतात आणि वायू कोमटच राहतो. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड इथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतून आलेलं असं एक उपकरण २०१३ पासून युरोपात वैद्यकीय वापरासाठी प्रमाणित आहे. जाड पेनासारखा त्याचा आकार, टोकाशी बारीक जांभळट ज्योत, बारीकसा फुसफुस आवाज. ज्योतीच्या टोकाचं तापमान चाळीस अंशांच्या आतच, त्यामुळे तिच्यात क्षणभर बोट धरता येतं.

ही ज्योत जखमेवर सावकाश फिरवतात, दर चौरस सेंटीमीटरला अर्धा ते एक मिनिट. वेगवान इलेक्ट्रॉन आजूबाजूच्या हवेतले ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे रेणू फोडतात. त्यातून ओझोन, नायट्रिक ऑक्साइड, आणि जखमेच्या ओलाव्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. आपल्या पांढऱ्या पेशीही जंतू मारायला याच जातीची रसायनं बनवतात. थोडक्यात, शरीराचंच हत्यार बाहेरून पुरवायचं.

म्युनिकजवळ गार्खिंगला मॅक्स प्लांक संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ ग्रेगोर मोर्फिल आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर आयनद्रायूचे प्रयोग करत होते. तेच पुढे त्वचेच्या डॉक्टरांबरोबर जखमांकडे वळले. २०१० साली त्यांच्या गटाने ३६ रुग्णांच्या जुनाट, जंतुसंसर्ग झालेल्या जखमांवर रोज पाच मिनिटं आर्गॉनचा प्लाझ्मा सोडला. प्लाझ्मा न दिलेल्या जागांपेक्षा तिथे जंतूंचं प्रमाण ३४ टक्क्यांनी जास्त घटलं. मला मात्र २०२० सालची जर्मनीतली चाचणी अधिक विचार करायला लावते. मधुमेहामुळे पायाला झालेल्या जखमा, ४३ रुग्ण, ६२ जखमा. काहींवर पेटलेला प्लाझ्मा, काहींवर न पेटवलेला नुसता वायू. बाकी ड्रेसिंग, औषधं नेहमीचीच. प्लाझ्माच्या जखमा लवकर आकसू लागल्या. पण जंतूंच्या संख्येत दोन्ही गटांत लक्षात घेण्यासारखा फरक नव्हता! म्हणजे प्लाझ्मा फक्त जंतू मारून थांबत नाही. बेताच्या मात्रेत तीच रसायनं अडून बसलेल्या पेशींना पुन्हा कामाला लावत असावीत.

घरात कुणाला शुगर असेल तर 'जखम भरत नाही' या तीन शब्दांचं वजन वेगळं सांगावं लागत नाही. महिनोन्महिने ड्रेसिंग, वास, आणि बोट कापावं लागेल का ही धास्ती. थंड प्लाझ्मा यावर जादू नाही. साखर आटोक्यात ठेवणं आणि पायावरचा भार काढणं याला पर्याय नाहीच. पण या संशोधनाला पैसा आणि लक्ष मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

भाचीच्या चेहऱ्यावर फिरलं ते हे उपकरण नव्हतं. पार्लरमधल्या प्लाझ्मा पेनची सुई कातडीला टेकत नाही, एखादा मिलिमीटर वर थांबते. हवेला एका मिलिमीटरमागे सुमारे तीन हजार व्होल्ट दाब मिळाला की ती फुटते आणि ठिणगी पडते. इथे मात्र सगळी ऊर्जा टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत उतरते. कातडीचा वरचा थर तिथल्या तिथे जळतो आणि काळपट ठिपका उरतो. भाजल्यामुळे त्वचा आकसते, खालच्या पेशी नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, बनवू लागतात. सुरकुती कमी होण्यामागचं तर्कशास्त्र इतकंच. ही फुलबाजीची तार. नाव एकच, पण एक प्लाझ्मा जखम भरायला मदत करतो आणि दुसरा मुद्दाम जखम करतो.

तापवून केलेले उपचार सरसकट वाईट, असं मी म्हणत नाही. नायट्रोजनच्या प्लाझ्माने चेहऱ्याचा वरचा थर नवा करणाऱ्या यंत्राला एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, २००५ मध्येच संमती दिली होती. पण या पेनांपैकी एकालाही मान्यता दिलेली नाही, असं सांगत त्याच एफडीएने २०२३ मध्ये लोकांना सावध केलं. भाजणं, व्रण, कायमचे डाग अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या.

आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीला हा धोका जास्त. कातडी भाजली की रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी चवताळतात आणि गरजेपेक्षा जास्त रंग ओततात. ऊन लागलं की आणखी. त्वचेचे प्रकार मोजायची जी फिट्झपॅट्रिक पट्टी डॉक्टर वापरतात, ती १९७५ साली बनली तेव्हा गोऱ्या कातडीपुरतीच होती. सावळ्या आणि काळ्या कातडीचे प्रकार तिच्यात नंतर आले. भाचीला पेन लावण्याआधी तिच्या रंगाबद्दल कुणी एक शब्द विचारला नव्हता.

आता ती त्वचारोगतज्ज्ञांकडे जाते. रात्री मलम, दिवसा सनस्क्रीन, बाहेर पडताना टोपी. सहा महिन्यांत बहुतेक ठिपके फिके झालेत. उजव्या डोळ्याखालचे दोन अजून दिसतात.