संगमरवर घ्यायला जाताना खिशात लिंबू ठेवा

आमच्या देवघरातल्या पांढऱ्या ओट्यावर एक गोल आहे. तामणाएवढा, निस्तेज, बोट फिरवलं तर किंचित खरखरीत. आई त्याला डाग समजून वर्षानुवर्षं घासत आली. राख झाली, साबण झाला, एकदा लिंबाची फोडही फिरवून झाली. गोल गेला तर नाहीच, वर थोडा पसरला. जाणार कसा? तो डाग नव्हताच. पंचामृतातलं दही आणि सणाच्या आदल्या दिवशी देव उजळायला घेतलेली चिंच, या दोघांनी मिळून तिथला दगड थोडा थोडा खाल्ला होता.

घराचं काम काढलं आणि फरशीपासून ओट्यापर्यंत सगळं नव्याने निवडायची वेळ आली, तेव्हा मी तो गोल पहिल्यांदा भिंगातून पाहिला. चकचकीत भागात दगड काचेसारखा सपाट होता. गोलाच्या आत मात्र दाण्यांच्या कडा सुट्या सुट्या दिसत होत्या, पावसाने धुपलेल्या मातीच्या भिंतीसारख्या. चकाकी म्हणजे दगडावर लावलेला काही थर नसतो. पृष्ठभाग इतका सपाट घासलेला असतो की प्रकाश एका दिशेने परत फिरतो, आणि आपण त्याला पॉलिश म्हणतो. सपाटी गेली की चकाकी गेली. ती परत आणायची तर दगड पुन्हा घासायलाच हवा.

संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, खनिजाचं नाव कॅल्साइट. अंड्याचं कवच, समुद्रावरचे शिंपले, नळाखाली साठणारा पांढरा थर, सगळी याच कुळातली मंडळी. आम्लपित्तावरच्या कित्येक गोळ्यांतही हेच असतं. गोळीत ते पोटातलं आम्ल मारायला मुद्दाम घालतात; ओट्यावर दगड तेच काम न सांगता करतो. लिंबातलं सायट्रिक, चिंचेतलं टार्टारिक, दह्यातलं लॅक्टिक, कुठलंही आम्ल कॅल्साइटला भेटलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि दगड तेवढा झिजतो. न्हाणीघरात याचा फार वाईट परिणाम होतो. नळाखालचा थर आणि संगमरवराची लादी रसायनाच्या नजरेत एकच असल्याने, थर काढणारं कुठलंही ॲसिड लादीला सोडत नाही.

हा दगड होतो कसा, तेही थोडक्यात. उथळ समुद्राच्या तळाशी शिंपल्यांचा चुरा आणि चुन्याचा गाळ साठतो, घट्ट होऊन चुनखडक बनतो. तो जमिनीखाली खोल गाडला गेला की उष्णता आणि दाब त्याला शिजवतात. वितळत नाही, घन अवस्थेतच जुने बारीक कण विरून त्यांच्या जागी मोठे, एकमेकांत गुंतलेले कॅल्साइटचे दाणे वाढतात. शिंपल्यांच्या खुणा पुसल्या जातात. ताज्या तुटलेल्या कडेला म्हणूनच साखरेसारखी चमक दिसते. मूळ गाळात चिकणमाती, लोह किंवा कोळशाचा अंश असेल तर त्याच्या शिरा होतात: राखाडी, पिवळ्या, गुलाबी. बहुतेक महाराष्ट्र लाव्हाच्या काळ्या बेसाल्टवर बसलेला असल्याने हा दगड आपल्याकडे पाहुणाच. नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या खडकांत संगमरवराचे पट्टे आहेत, पण दुकानात जे दिसतं ते बहुतेक राजस्थान, गुजरात नाहीतर परदेशातून आलेलं.

आणि दुकानात खरी गंमत सुरू होते. बाजाराच्या भाषेत ज्याला पॉलिश चढतं तो बहुतेक दगड ‘मार्बल’. भूशास्त्राला हे मान्य नाही, आणि इथे भूशास्त्राचं ऐकण्यात आपला फायदा आहे, कारण दगड घरात कसा वागेल हे त्याच्या खनिजावर ठरतं, नावावर नाही. मकराण्याचा पांढरा म्हणजे कॅल्साइटचा खरा संगमरवर. ताजमहाल आणि कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल त्याचंच. २०१९ मध्ये त्याला जागतिक वारसा-दगड म्हणून मान्यताही मिळाली. राजसमंदकडचा पांढरा मात्र बराचसा डोलोमाइटचा, म्हणजे कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियम असलेला. तो किंचित कडक असतो आणि आम्लाला सावकाश दाद देतो. ‘उदयपूर ग्रीन’ म्हणून विकला जाणारा हिरवा तर संगमरवरच नव्हे, तो सर्पेंटाइन नावाच्या वेगळ्याच खनिजाचा. लिंबाला तो भीक घालत नाही, पण सिमेंटच्या ओल्या मालावर बसवला तर पाणी पिऊन त्याची लादी कडेने उचलली जाऊ शकते. त्याला इपॉक्सी गोंदावर बसवतात. ‘इटालियन’ या शब्दाखाली तर तुर्कस्तानापासून स्पेनपर्यंतचे दगड खपतात. त्यातला लोकप्रिय बदामी बोतिचिनो खरोखर इटलीचा असला तरी आहे चुनखडक, म्हणजे आपल्या शहाबादीचा आणि कोट्याचा दूरचा, श्रीमंत नातेवाईक. अशा बदामी फरशीत कधीकधी शंखाचा आडवा छेद दिसतो. मला तो दिसला की मॉलमध्येही मी खाली वाकते, आणि बरोबरचे लोक जरा लांब उभे राहतात.

मी गोदामात गेले ती खिशात लिंबू आणि पर्समध्ये जुनी सुरी घेऊन. मालक आधी हसले, मग म्हणाले, “ताई, स्लॅबवर नको, हा तुकडा घ्या.” तुकडा मिळाला की काम झालं. सुरीचं टोक दाबून ओढलं. पांढरी भुकटी निघाली आणि चरा राहिला, म्हणजे दगड मऊ, कॅल्साइटच्या घरातला. ग्रॅनाइटवर उलट सुरीचीच राखाडी रेघ उमटते. भुकटीवर लिंबाचे दोन थेंब टाकले तर मकराण्याच्या तुकड्यावर लगेच बारीक फेस आला. राजसमंदच्या तुकड्यावर भिंग लावून बघावं लागलं. हिरवा ढिम्म. शेजारी ‘नॅनो व्हाइट’ नावाचं दूधपांढरं काहीतरी होतं, तेही ढिम्म. ते खाणीतून नाही, भट्टीतून येतं; जात काचेची.

त्यानंतर त्यांनीच मला एक गोष्ट शिकवली. उभ्या स्लॅबवर मगभर पाणी मारलं आणि म्हणाले, “आता वाळू द्या.” ओला दगड पॉलिशनंतर दिसेल तसा रंग दाखवतो, हे मला माहीत होतं. वाळताना मात्र सगळा पृष्ठभाग उजळला आणि एक वाकडी रेघ तेवढी काळपट राहिली. शीर नव्हे, तडा. फटीत शिरलेलं पाणी शेवटी वाळतं. नखानेही कळतं, शिरेवरून नख सरकतं, तड्यात अडकतं. तड्यांत राळ भरून मागे जाळी चिकटवलेले स्लॅब सर्रास मिळतात, त्यात फसवणूक आहे असं नाही. पातळ, शिरांनी भरलेला दगड त्याशिवाय खाणीपासून घरापर्यंत टिकणारच नाही. पण भाव अखंड दगडाचा लावला असेल तर तोंड उघडावं. बोटाच्या पेराने ठोकूनही बघा: धड स्लॅब खणखणीत वाजतो, आतून फुटलेला बद.

तुकडे घरी आणले आणि आठ दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. पांढरा संगमरवर, कडप्पा, काळा ग्रॅनाइट. प्रत्येकावर लिंबू, चिंचेचा कोळ, दही, हळदीचं तेल आणि एक ओला खिळा. लिंबाने संगमरवरावर काही मिनिटांतच निस्तेज ठिपका काढला. कडप्पाही चुनखडकच, त्याचाही काळा रंग तिथे राखाडी झाला. ज्यांच्याकडे जुना कडप्प्याचा ओटा आहे त्यांना हे सांगायला नको. हळदीने पांढऱ्यावर पिवळा गोल केला. साबण लावला तर तो लालसर झाला, कारण हळदीतलं कुर्कुमिन अल्कलीत रंग बदलतं. मी तुकडा उन्हात ठेवला आणि गोल फिका पडत गेला. कुर्कुमिनला ऊन सोसत नाही. तेल मात्र आत मुरलं. त्यावर मुलतानी माती आणि नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन कालवून लेप थापला, प्लास्टिकने झाकला, दुसऱ्या दिवशी खरवडला. बरंचसं निघालं. खिळ्याच्या गंजाने हार खाल्ली नाही. गॅस सिलिंडरखाली पडतो तोच हा तपकिरी गोल. ग्रॅनाइट सगळ्यांतून जवळजवळ जसाच्या तसा बाहेर आला.

सीलर लावला की प्रश्न मिटतो, असं प्रत्येक दुकानात सांगतात. अर्धं खरं आहे. सीलर दगडाच्या बारीक छिद्रांत बसून तेल-हळद आत शिरू देत नाही. आम्लाला आत शिरायचंच नसतं, ते वरच्यावर चावतं. स्वयंपाकघरासाठी माझा निर्णय तिथेच झाला. जिथे रोज आमटीत चिंच, सोलकढीत कोकम आणि पोह्यांवर लिंबू, तिथे पांढरा संगमरवर म्हणजे जन्माचं पहारेदारीचं काम.

हॉलचं गणित वेगळं. तिथे शत्रू रेती. खनिजांच्या कडकपणाच्या १ ते १० अशा मोजपट्टीवर कॅल्साइट ३ वर, रेतीतला क्वार्ट्झ ७ वर. बुटाखालचा एक कण पावलागणिक फरशीवर रेघ मारतो. दाराबाहेर चपला काढायची आपली सवय संगमरवराला कुठल्याही महागड्या लेपापेक्षा जास्त जपते. आणि झिजलाच तरी वीस वर्षांनी मशीन फिरवून तो पुन्हा नवा करता येतो. छापील नक्षीच्या टाइलला ही सोय नाही. जुन्या मोझॅकच्या फरशा तशाच उजळायचे, आणि त्यात चकाकायचे ते बहुतेक संगमरवराचेच तुकडे.

स्लॅब की टाइल, या वादात वजन कुणी बोलत नाही. १८ मिलिमीटर जाडीचा संगमरवर चौरस फुटाला साधारण साडेचार किलो. व्हिट्रिफाइड टाइल दोनच्या आसपास. दहा बाय बाराच्या खोलीत दगड आणि त्याखालचा दीड इंच माल मिळून सव्वा ते दीड टन भरतो. जुनी फरशी उखडून टाकणार असाल तर हिशेब बराचसा जमतो, पण वेळ वाचवायला जुन्यावरच नवी चढवायची असेल तर जुन्या इमारतीत आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. स्लॅब उभेच का नेतात, याचंही कारण दगडाच्या स्वभावात आहे. दाबाला तो पक्का, वाकण्याला कच्चा.

वाकण्यावरून शिकागोची एक इमारत आठवते. १९७० च्या दशकात बांधलेल्या, पुढे अमोको म्हणून ओळखल्या गेलेल्या गगनचुंबी इमारतीला इटलीतल्या ‘करारा’ गावच्या संगमरवराच्या सुमारे ४३,००० पातळ लाद्या बाहेरून लावल्या होत्या. काही वर्षांत त्या पापडासारख्या फुगून वाकू लागल्या. १९९० च्या सुमारास सगळ्या काढून ग्रॅनाइट बसवावा लागला. हेलसिंकीच्या फिनलँडिया हॉलचीही तीच कथा. तिथे तर बदलून लावलेला करारा दगडही पुन्हा वाकला. कारण कॅल्साइटच्या विचित्र स्वभावात आहे. तापला की त्याचा स्फटिक एका दिशेने फुगतो आणि आडव्या दिशेने आकसतो. लाखो दाणे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले, त्यामुळे प्रत्येक ऊन-थंडीत ते एकमेकांना ढकलतात, सांधे सैल होतात, ओल आत शिरते. घरातल्या फरशीला एवढे चढउतार सोसावे लागत नाहीत. पण पश्चिमेच्या बाल्कनीच्या भिंतीला बाहेरून पातळ पांढरा दगड लावायचा विचार मी तेव्हाच सोडला.

पांढऱ्या फरशीच्या पिवळेपणाचं खापर दुकानदारावर फुटतं, ते कधीकधी मिस्त्रीवर फुटायला हवं. दगडात लोहाचा अंश असेल आणि खालून ओल सतत येत राहिली तर तो आतल्या आत गंजतो. करड्या सिमेंटची छटाही खालून वर उमटते, म्हणून पांढऱ्या दगडाखाली पांढरं सिमेंट वापरतात, आणि फरशी पुरती वाळल्याशिवाय पॉलिश करत नाहीत. आमच्याकडे एका खिडकीच्या संगमरवरी चौकटीवर सिमेंटचे शिंतोडे पडले होते. मी बाजारात गेले असताना कामगाराने ते ॲसिडने ‘साफ’ केले. शिंतोडे गेले, आणि चौकटीचा खालचा पट्टा खडूसारखा झाला. “ताई, ॲसिडशिवाय निघतच नाही,” तो निरागसपणे म्हणाला. खरंच होतं ते. सिमेंटही चुन्याचंच पोर.

क्वार्ट्झच्या कृत्रिम स्लॅबबद्दल एवढंच, की लिंबाला ते दाद देत नाहीत, पण त्यातली राळ तापलेल्या कढईला घाबरते. आणि ते कापताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांच्या फुप्फुसात बसते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यांच्यावर बंदी घातली ती यासाठीच. घ्यायचेच असतील तर घरात कोरडं कापू देऊ नका.

शेवटी ओट्याला ग्रॅनाइट, हॉलला एकाच ब्लॉकचे, ओळीने नंबर घातलेले मकराण्याचे स्लॅब, वर पंधरा टक्के जादा. तो लॉट संपला की तशाच शिरा पुन्हा मिळत नाहीत. पॉलिशवाला मशीन घेऊन आला तेव्हा देवघरातल्या गोलासमोर थबकला. “हा पण काढू?” आईने तामण उचललं, गोल पाहिला, तामण परत त्याच गोलावर ठेवलं आणि त्याला सांगितलं, “हॉलचं बघ आधी.”