नॉमिनी, वारस आणि ‘नाव चढवणे’: आमच्या पक्षकारांसाठी माहितीपत्रक

तेरवी आटोपल्यावर आमच्या कार्यालयात येणाऱ्या बहुतेक कुटुंबांचे पहिले वाक्य ठरलेले असते: “बाबांनी नॉमिनी लावून ठेवला आहे, आता फक्त नाव चढवायचे आहे.” या वाक्यातील दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत आणि त्यांवर विसंबून केलेल्या सह्या पुढे भावंडांना न्यायालयात समोरासमोर उभ्या करतात, म्हणून हे पत्रक.

नॉमिनी हा रक्कम किंवा मालमत्ता स्वीकारणारा असतो. तो मालक असेलच असे नाही. बँकेने ठेवीची रक्कम नॉमिनीला दिली की बँकेची जबाबदारी संपते, पण ती रक्कम वारसांना त्यांच्या हिश्शाप्रमाणे देण्याची नॉमिनीची जबाबदारी तेथूनच सुरू होते. कंपनीच्या शेअर्सबाबतही हेच तत्त्व लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, परंतु नॉमिनी एक असो वा चार, वारसाहक्क त्याने बदलत नाही. आयुर्विम्यात पती, पत्नी, आईवडील किंवा मुले नॉमिनी असल्यास नियम काहीसा वेगळा आहे, म्हणून पॉलिसी स्वतंत्रपणे दाखवावी.

मग वारस कोण? हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. मृत्युपत्र न करता पुरुष मरण पावल्यास त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान हिस्सा मिळतो. लग्न झालेली मुलगी यात असते हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे (ठाऊक असूनही तिला न विचारणारे भाऊ आम्हांला भेटतात, ही गोष्ट वेगळी). विसर पडतो तो आजीचा, म्हणजे मृताच्या आईचा. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि वृद्ध आई असतील, तर प्रत्येकाचा हिस्सा एक पंचमांश. मृत्युपत्र न करता आजीही गेली आणि आजोबा आधीच गेलेले असले, की तिचा पंचमांश तिच्या सर्व अपत्यांकडे जातो, म्हणजे काका आणि आत्या त्या घराचे हिस्सेदार होतात. खरेदीदाराचा वकील कागद तपासताना नेमका येथेच अडतो, आणि तोवर दहा-बारा वर्षे लोटलेली असतात.

आजीला किंवा बहिणीला स्वेच्छेने हिस्सा सोडायचा असेल, तर स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागत नाही. स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावेच लागते. फेरफार (हक्कनोंदीतील बदल) किंवा आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव चढणे ही महसुली नोंद असते, त्यातून मालकी निर्माण होत नाही.

नाव कोठे चढवायचे, हा नागपुरात वेगळाच प्रश्न आहे. नझूलचा (सरकारी मालकीच्या शहरी जमिनीवरील) भूखंड, नागपूर सुधार प्रन्यासाच्या लीजवरील भूखंड, गुंठेवारी (मंजुरीविना तुकडे पाडलेल्या) लेआउटमधील ‘आर.एल.’ म्हणजे नियमितीकरण पत्र मिळालेला भूखंड आणि अपार्टमेंट डीडने घेतलेला फ्लॅट, या चारही ठिकाणचे कागद आणि कार्यालये निरनिराळी आहेत. महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात घरकराच्या पावतीवर नाव बदलले म्हणजे काम झाले, असे कृपया समजू नये. ती पावती केवळ कर भरल्याचा पुरावा आहे.

बँकेबाबत एकच कळकळीची सूचना. मृत्यूनंतर मृताच्या एटीएम कार्डने किंवा मोबाइलवरून पैसे काढू नयेत, अंत्यविधीच्या खर्चासाठीसुद्धा नाही. हेतू चांगला असला तरी पुढे दुसऱ्या वारसाच्या तक्रारीत हाच व्यवहार सर्वांत आधी पुढे येतो. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर बँक दिवाणी न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला मागू शकते. जुन्या, विसरलेल्या ठेवींचा शोध रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर घेता येतो.

नागपुरातील इतवारी किंवा महाल भागांतील जुन्या भाड्याच्या दुकानांचा मुद्दा थोडा निराळा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत त्याच जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूपण मिळते, आणि असा कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो. म्हणून दुकानात बसणाऱ्या मुलाचे नाव वडिलांच्या हयातीतच धंद्याच्या कागदांवर दिसलेले बरे. जीएसटी नोंदणी मालकाच्या पॅनवर असते. ती मुलाच्या नावे करून मिळत नाही, मुलाला नवी नोंदणी घ्यावी लागते, आणि शिल्लक क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) वेगळा अर्ज करून वळते करावे लागते. जुनी नोंदणी घाईने रद्द करण्यापूर्वी सल्ला घ्यावा.

यातील बरेचसे त्रास मृत्युपत्राने टळतात. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, साधा कागदही चालतो, मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या अनिवार्य आहेत. ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करू नये, असा आमचा आग्रह असतो.

पहिल्या भेटीला येताना मृत्यूचा दाखला, मालमत्तेच्या कागदांच्या छायाप्रती आणि आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांची नावे असलेली वंशावळ आणावी. मूळ कागद घरीच ठेवावेत, आणि शक्य असल्यास बहिणींनाही सोबत आणावे.