जुना तोळा, नवा तोळा: साठच्या दशकाअखेरचे खान्देशातले भाव वाचताना

घरातल्या जुन्या ट्रंकेत १९६५ ते १९७० च्या लग्नाची यादी सापडते. ‘पोत ३ तोळे, बोरमाळ २ तोळे’ असे तीत लिहिलेले असते, आणि वाटणीच्या वेळी भावाभावांत घोळ होतो तो याच शब्दावरून. आज जळगावच्या सराफ बाजारात तोळा म्हटले की १० ग्रॅम. यादी लिहिणाऱ्याच्या मनातला तोळा मात्र बहुतेक वेळा ११.६६४ ग्रॅमचा होता. पाच तोळ्यांना ५८.३२ ग्रॅम आणि ५० ग्रॅम, म्हणजे सव्वाआठ ग्रॅमचा फरक. त्या काळची स्वस्ताई, महागाई, मजुरी, हुंडा यांतले काहीही मोजायला बसले की आधी माप तपासावे लागते. भाव नंतर.

तोळ्याचे मूळ थोडक्यात सांगता येते. इंग्रजी अमलात चांदीच्या रुपयाचे वजन बरोबर एक तोळा ठेवलेले होते. त्यामुळे गावात वेगळे वजन नसले तरी अडत नसे. पारड्यात रुपया टाकला की तोळा. ‘रुपयाभर हिंग’, ‘दोन रुपयेभर केशर’ ही बोली तिथली. वरची वजनेही याच तोळ्यावर उभी होती: ५ तोळे म्हणजे छटाक, २० तोळे म्हणजे पावशेर, ८० तोळे म्हणजे शेर (९३३ ग्रॅम), ४० शेर म्हणजे मण (३७.३२ किलो). तोळ्याच्या खाली मासा आणि गुंज ही वजने: एका तोळ्याचे १२ मासे किंवा ९६ गुंजा. कापसाचा मण मात्र निराळा. मुंबईच्या बाजाराचा मण २८ पौंडांचा आणि असे २८ मण म्हणजे एक खंडी, ७८४ पौंड. रुईचा भाव आजही ज्या ३५५.६२ किलोंच्या खंडीवर बोलला जातो, ती हीच. एकाच अडत्याच्या वहीत धान्याचा मण ३७ किलोंचा आणि कापसाचा मण पावणेतेरा किलोंचा असू शकतो. दोन्ही ‘मण’च लिहिलेले असतात.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९६२ पासून व्यापारात मेट्रिक वजने सक्तीची झाली. त्यानंतरचा एक बदल कोणाच्या फारसा ध्यानात राहिलेला नाही. १९६२ पासून निकेलचा जो नवा रुपया पाडला गेला, त्याचे वजन १० ग्रॅम होते. आधीचा निकेलचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. आकार साधारण तेवढाच, सुमारे २८ मिलिमीटर. त्याच मांडणीत ५० पैसे ५ ग्रॅमचे आणि २५ पैसे अडीच ग्रॅमचे. ज्या घरात रुपयाने तोलायची सवय होती, तिथे कोणी न ठरवताच तोळा सातव्या हिश्शाने हलका झाला. आजच्या ‘१० ग्रॅमच्या तोळ्या’ची वाट या नाण्याने बरीच सोपी केली, असे मला ठामपणे वाटते.

सराफी व्यवहारात हा बदल एका रात्रीत झाला नाही. बिलावर ग्रॅम, तोंडी तोळा, आणि बाईच्या मनात मासे, असे तिन्ही हिशेब एकाच बैठकीत चालत. जुना दागिना मोडीत आला की सोनाराकडचे जुने वजन आणि मेट्रिक पितळी वजन दोन्ही पारड्यात पडत. दुसरीकडे चोरट्या वाटेने येणारे परदेशी बिस्कीट सरळसोट जुन्या दहा तोळ्यांचे, म्हणजे ११६.६४ ग्रॅमचे. कायद्याच्या वह्या ग्रॅममध्ये आणि काळा बाजार तोळ्यात, असा तो काळ.

त्या बिस्किटापाशी आले की सोने नियंत्रणाचा विषय टळत नाही. खान्देशातल्या त्या दशकाबद्दल बोलताना याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळत नाही.

१९६२ च्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती. ९ जानेवारी १९६३ रोजी भारत संरक्षण नियमांखाली सोने नियंत्रण आले. नवा दागिना १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचा घडवायचा नाही, आणि दागिना नसलेले सोने जाहीर करायचे. हेतू असा की कमी कसाच्या दागिन्याची हौस आपोआप कमी होईल, मागणी घटेल, चोरटी आयात थांबेल. कागदावर हिशेब बरोबर दिसतो. पण सोन्याचा जागतिक ठरीव भाव औंसाला (३१.१ ग्रॅमला) ३५ डॉलर होता. डॉलर ४.७६ रुपयांना असताना त्याचे १० ग्रॅमला साधारण साडेत्रेपन्न रुपये होत, जुन्या तोळ्याला साडेबासष्ट. देशात भाव त्याहून चढाच राहिला. ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने डॉलर साडेसात रुपयांचा झाला, तेव्हा तोच ठरीव भाव १० ग्रॅमला चौऱ्याऐंशीच्या घरात गेला. देशातला सरासरी भाव १९६७ मध्ये १०२.५० रुपये, १९६८ मध्ये १६२, १९६९ मध्ये १७६ आणि १९७० मध्ये १८४ असा नोंदलेला आहे. १९६९ चा भाव जुन्या तोळ्यात केला तर २०५ रुपये होतो. बाजारभाव ठरीव भावाच्या दुपटीवर जात असेल, तर सोने नियंत्रण बिस्कीट कसे अडवणार?

१४ कॅरेट म्हणजे शंभरात ५८.३ भाग सोने. २२ कॅरेट म्हणजे ९१.७. फरक नुसता किमतीचा नाही, हाताखालचा आहे. आपल्याकडची बोरमाळ किंवा पोतीचे मणी म्हणजे लाखेवर बसवलेला सोन्याचा पातळ पत्रा. बावीस कॅरेटचा पत्रा ठोकत ठोकत कागदासारखा करता येतो. चौदाचा पत्रा तांबे-चांदीच्या भेसळीने कडक झालेला असतो. तो लवकर ताठरतो, पुन्हा पुन्हा ताव द्यावा, म्हणजे तापवून मऊ करावा लागतो, आणि ताव चुकला की कडेला चीर जाते. मणी लाखेवर वळवताना शिवणीपाशी उघडतो. तार ओढताना मध्येच तुटते. डाग, म्हणजे सांधा जोडायला वितळवायचा धातू, कोणता वापरायचा तेही बदलते. बावीसच्या सवयीने डाग लावला, तर डाग वितळण्याआधी दागिनाच मऊ पडतो. अंगावर रंग तांबूस दिसतो, आणि घामाने, हळदीने, चुलीच्या धुराने काळसर पडतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुलीच्या गळ्यात काळवंडलेली पोत दिसली, की गावात काय बोलले जाई ते सांगायला नको.

पिढ्यान्‌पिढ्या बावीस कॅरेटवर हात बसलेल्या कारागिरांचा धंदा या नियमाने बसला. पुढे गिऱ्हाइकाचा जुना दागिना मोडून त्याच कसाचा नवा करून देण्याची सवलत मिळाली, आणि १९६६ च्या उत्तरार्धात १४ कॅरेटची अटच उठली. पण १९६८ च्या सोने नियंत्रण कायद्याने बाकीचा फास कायम ठेवला. व्यापाऱ्याला परवाना, कारागिराला प्रमाणपत्र. प्रमाणपत्रधारक सोनाराने कच्चे सोने १०० ग्रॅमपेक्षा जास्त बाळगायचे नाही. सामान्य माणसाने लगड किंवा बिस्कीट घरात ठेवायचेच नाही. दागिने एका व्यक्तीकडे २,००० ग्रॅम आणि कुटुंबाकडे ४,००० ग्रॅमच्या वर असतील तर जाहीर करायचे. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक ग्रॅमची वही. ज्याच्याकडे दिवाणजी होता त्याला ते जमले. एका भट्टीवर बाप-लेक बसणाऱ्या छोट्या सोनाराला वही लिहिणे आणि दागिना घडवणे ही दोन कामे एका मजुरीत करावी लागली. मोठ्या पेढ्या वाढल्या आणि सुटे सोनार पेढीचे कामकरी झाले. त्याची सुरुवात इथे आहे, असे मानायला जागा आहे.

सोने सोडून धान्याकडे आले की घोळ वेगळा. धान्य तोलत नसत, मापत. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली: प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट, चार शेरांची पायली. हा शेर ऐंशी तोळ्यांचा वजनी शेर नव्हे. ते भांडे आहे. त्यात ज्वारी किती बसेल, बाजरी किती, हे दाण्यावर अवलंबून. बाजरीचा दाणा बारीक, तो दाटून बसतो, म्हणून पायली जड भरते. नवी ओलसर ज्वारी फुगलेली, ती हलकी भरते. वर शीग लावायची की हात फिरवून सपाट करायचे, यावरूनही फरक. मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे आणि मग दोन, तीन. माप रेटून भरले, हलवले, आपटले की दाणा खाली बसतो आणि जास्त मावतो. वरून धार सोडली की कमी. सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या गड्याला, वर्षाकाठी ठरलेल्या पायल्या मिळत, तेव्हा मालकाच्या घरचे माप आणि हात कोणाचा, यावर त्याच्या पोराबाळांच्या भाकरी ठरत. म्हणून ‘तेव्हा पायली अमुक रुपयाला होती’ हे वाक्य ऐकून किलोचा भाव काढू नये.

दुकानातल्या पावशेराचे उलटे झाले. मागणारा ‘पावशेर गूळ’ म्हणे, दुकानदार २५० ग्रॅमचे वजन टाके. जुना पावशेर २३३ ग्रॅमचा, म्हणजे माल सात टक्के जास्त. १९६१ चा शेराचा भाव आणि १९६८ चा किलोचा भाव शेजारी ठेवून महागाई मोजणारे या सात टक्क्यांची चूक दरवेळी करतात.

आण्यांचेही तसेच. कायद्यातल्या तक्त्यात एक आणा म्हणजे ६ पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. अर्धा किंवा त्याहून कमी पैसा सोडून द्यायचा असा नियम. एक-एक आण्याची चार खरेदी वेगवेगळी केली तर २४ पैसे, एकदम केली तर २५. १९६४ मध्ये तीन पैशांचे षटकोनी ॲल्युमिनियमचे नाणे आले, ते दोन मिळून बोलीतला एक आणा होई. त्याच वर्षी ‘नवा पैसा’ यातला ‘नवा’ गेला. १९६८ मध्ये पितळी रंगाचे, कमळाचे २० पैसे आले. पण बाजारात तोंडी भाव ‘सहा आणे’, ‘दहा आणे’ असाच राहिला, आणि ‘चार आणे’, ‘आठ आणे’, ‘बारा आणे’ तर पुढे कित्येक वर्षे. पोस्टाने आणे मानले नाहीत: १९६८ पासून कार्ड १० पैसे, आंतर्देशीय १५, पाकीट २०.

१९६४-६५ पासून राज्यात ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू होती. शेतकऱ्याच्या ज्वारीला एक सरकारी भाव, रेशनला दुसरा, आणि चोरून विकल्या जाणाऱ्या पोत्याला तिसरा. साखरेचेही १९६७-६८ पासून लेव्ही (सरकारने ठरीव भावाने घेतलेली) आणि खुली असे दोन भाव. त्यामुळे ‘त्या वर्षी ज्वारीचा भाव काय’ या प्रश्नाला एक उत्तर नसते. त्यातच हायब्रीड आली. कणसे पावसात सापडली की दाणा काळा पडे, भाकरीला चव नसे. तिचा भाव गावरानीपेक्षा खाली, पण जुन्या नोंदींत दोन्ही नुसती ‘ज्वारी’.

करमणूक आणि बातम्या यांचा हिशेबही याच पैशांत करून पाहावा. रेडिओला पोस्टात वर्षाला १५ रुपये भरून परवाना घ्यावा लागे. १९६७ च्या भावाने ते दीड ग्रॅम सोने. वीज नसलेल्या गावात व्हॉल्व्हचा बॅटरी सेट ठेवायचा तर ९० व्होल्टचा पॅक वेगळा. ट्रान्झिस्टर आला तेव्हा चार सेलांवर, सहा व्होल्टमध्ये भागू लागले. सेल उतरल्यावर तसेच राहिले की फुटून आतली पट्टी खात, हा त्यातला नेहमीचा बिघाड. जळगावला आकाशवाणी १९७६ मध्ये आली. तोवर दिवसा मुंबई-पुण्याची मध्यम लहर इथे क्षीण, रात्री बरी. रेडिओ सिलोन लघुलहरीवर, आवाज लाटेसारखा चढता-उतरता. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या.

जत्रेतल्या टुरिंग टॉकीजला बहुधा एकच प्रोजेक्टर. हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटांत संपे, मग दिवा लागे, रीळ बदलले जाई. तिकिटाच्या दरात करमणूक कर धरलेला असे, म्हणून जुन्या तिकिटावरचा आकडा सगळा मालकाचा नसतो. सिनेमाआधी समाचार चित्र दाखवणे परवान्याने बंधनकारक होते. प्रती शहरांतून फिरत फिरत येत, त्यामुळे तंबूत पाहिलेली बातमी कधी कधी महिने जुनी असे.

१९७२ च्या दुष्काळानंतर आणि त्याच वर्षी आलेल्या कापूस एकाधिकार खरेदीनंतर खान्देशात भावाची सगळी चर्चाच बदलली. सोने नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. तरी १९६३ ते १९६६ मधले दागिने मोडीला अजून निघतात. कसोटीवर रेघ तांबूस येते, आटणीत, म्हणजे वितळवून शुद्ध केल्यावर, वजन अपेक्षेच्या बरेच खाली जाते, आणि घरचे म्हणतात, आजोबांना सोनाराने फसवले. दागिना लग्नाच्या यादीवरच्या तारखेशी ताडून पाहावा. तारीख त्या पावणेचार वर्षांतली असेल आणि आटणीत शंभरात अठ्ठावन्नच्या आसपास सोने निघाले, तर त्या सोनाराने कायद्याने जेवढे घालायला परवानगी होती तेवढे सगळे घातलेले आहे.