चावी गल्ल्याच्या डब्यात

जानेवारी 2002. ऑस्ट्रेलियातल्या तास्मानिया बेटावरचं एक हॉटेल. रस्त्यात पोलिसांची तपासणी चालू असल्याची कुणकुण लागली, म्हणून पीत बसलेल्या एका गिऱ्हाइकाची मोटारसायकल आत कुलपात ठेवली आणि चावी गेली गल्ल्याच्या डब्यात. बायको येऊन घेऊन जाईल असं ठरलं. पण थोड्या वेळाने स्वारी चावी मागू लागली. मालकाने बायकोचा फोन नंबर विचारला, तर शिवी खाल्ली. चालवता येईल ना, असं पुनःपुन्हा विचारून शेवटी त्याने चावी दिली. घर अगदी जवळ आलं असताना अपघात झाला, माणूस गेला. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाला जबाबदार धरलं नाही. चावी दाबून ठेवण्याचा त्याला हक्कच नव्हता!

अमेरिकेतला हिशेब निराळा, आणि तो मोटारीच्याही आधीचा. दारूबंदी चळवळीच्या जोरावर इलिनॉयने 1872 मध्ये कायदा केला: नवऱ्याच्या पिण्याने संसार उघड्यावर आला, तर बायकामुलांना गुत्तेवाल्यावर दावा लावता येईल. एरवी न्यायालयं जुनंच सूत्र धरून होती, दोष पिणाऱ्याचा, ओतणाऱ्याचा नव्हे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये ते मोडलं. 1971 मध्ये कॅलिफोर्नियाने तोच रस्ता धरला. तिथल्या खटल्यातला बार डोंगरावर होता. तक्रारीनुसार रात्री दहापासून पहाटे पाचनंतरपर्यंत दारू ओतली जात होती, आणि खाली उतरायला एकच अरुंद, वळणावळणाचा घाट. पण 1978 मध्ये विधिमंडळाने कायदा करून हा निकाल पुसून टाकला.

आपल्याकडे हा विषय पेटला तो 19 मे 2024 ला, पुण्यातल्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर. दोन जीव गेले, बारमालक आणि मॅनेजर अटकेत गेले. मात्र त्यांच्यावरचा ठपका अल्पवयीनाला दारू दिल्याचा होता. गिऱ्हाईक सज्ञान असतं तर? मोटार वाहन कायद्याचं कलम 185 रक्तातली दारू मोजतं, 100 मिलीला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त भरली की गुन्हा. आणि तो चालवणाऱ्याचा. साहाय्य करणाऱ्यासाठी कलम 188 आहे खरं. इकडे मोठ्या बारबाहेर व्हॅलेवाला पोऱ्या गाडी दारात आणतो, दार उघडतो आणि झुलणाऱ्या साहेबांच्या हातात चावी ठेवून टिपेची वाट बघतो.